पाचवा ठोकळा डावीकडेच का कलंडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी स्पर्धेसाठी रोबोट बनवलाय. १५० मिलीमीटर लांबी-रुंदीचे आणि ८० मिलीमीटर जाडीचे ठोकळे त्याला एकावर एक रचायचे आहेत. चार थर नीट लागतात, पाचवा ठेवताना मनोरा कोसळतो. ते विचारतात, जास्त ताकदीची मोटर घ्यावी की महागातला कॅमेरा? आणि त्यांच्यातल्या एकाचा मामा मेट्रोच्या कामावर पोकलेन चालवतो. ऑपरेटरांच्या एका स्पर्धेत त्यानं काँक्रीटचे ठोकळे एकावर एक चढवून दाखवले, तेही सेन्सर वगैरे काही नसताना. हे त्याला कसं जमतं आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल?

मोटर घेऊ नका, कॅमेराही बदलू नका. तुम्ही पाठवलेले सहाही व्हिडिओ मी सावकाश बघितले. सहाच्या सहा वेळा मनोरा डावीकडेच गेलाय. ताकद कमी पडत असती किंवा कॅमेऱ्याला धूसर दिसत असतं, तर तो कधी डावीकडे गेला असता, कधी उजवीकडे, कधी पुढे. दरवेळी एकाच बाजूला जाणारी चूक कुठून तरी ठरून येत असते, आणि ती शोधली की सापडते.

मी २६ वर्षं न्हावा शेवा बंदराच्या यार्डात गँट्री क्रेनच्या, म्हणजे कंटेनर रचणाऱ्या उंच चौकटीसारख्या क्रेनच्या, देखभालीवर होतो. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडायची, मोऱ्याला उतरायचं आणि दिवसभर एकच काम डोळ्यासमोर: कंटेनरवर कंटेनर. आता शनिवार-रविवार तुमच्यासारख्या मुलांच्या रोबोटांपाशी जातो. यार्डातलं ओझं टनांत आणि तुमचं ग्रॅममध्ये, पण दोन्हीकडे ज्या चुकांनी चळत बिघडते त्या त्याच आहेत.

आधी तुमची डावीकडची चूक. फोटोवरून दिसतं की कॅमेरा रोबोटच्या डांबाच्या, म्हणजे उभ्या खांबाच्या, टोकाला, जमिनीपासून सुमारे १२०० मिलीमीटरवर बसवलाय आणि सरळ खाली बघतो. मनोरा त्याच्या बरोबर खाली नाही, साधारण ३० मिलीमीटर डावीकडे आहे. तुम्ही कॅमेऱ्याचं माप, म्हणजे किती पिक्सेलला किती मिलीमीटर, हे जमिनीवर कागद ठेवून ठरवलंत. घोटाळा इथेच आहे. ठोकळे वर चढत गेले की ते कॅमेऱ्याच्या जवळ येतात, जवळची वस्तू मोठी दिसते आणि मधल्या रेषेपासूनचं तिचं अंतरही मोठं दिसतं. पहिल्या ठोकळ्याचा माथा ८० मिलीमीटरवर आहे, म्हणून ३० चे ३२ दिसतात. रोबोट दुसरा ठोकळा ३२ वर ठेवतो. त्याचा माथा १६० वर, तिथे ३२ चे ३७ दिसतात. पुढे ३७ चे ४६, आणि चौथ्याच्या माथ्यावर ४६ चे ६३. थराथरातला सरकाव काढा: २, ५, ९, १७ मिलीमीटर. पहिले तीन डोळ्यांना जाणवतसुद्धा नाहीत, म्हणून तुम्हाला वाटलं चार थर छान लागले. पाचव्याला चूक एकदम दुप्पट झाली.

उपाय फुकटचा आहे. चौकटी आखलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवा. ०, ८०, १६०, २४० आणि ३२० मिलीमीटर उंचीवर ठेवून पाच वेगळी मापं घ्या. प्रोग्राममध्ये पाच आकड्यांचा तक्ता घाला. एका संध्याकाळचं काम.

पण इथेच थांबलात तर मनोरा तरीही कधीमधी पडेल. हिशेब करून बघा. ठोकळ्याची अर्धी रुंदी ७५ मिलीमीटर आहे. वरच्या चार ठोकळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य पहिल्याच्या मध्यापासून १५ मिलीमीटरच सरकलाय, आणि सगळ्यात वरच्याचा सरकाव १७. एवढ्यानं काहीच पडायला नको. मनोरा पडतो तो सोडताना. शेवटचा व्हिडिओ हळू करून बघा. ठोकळा टेकतो, पंजा उघडतो, उजवं बोट आधी सुटतं, डाव्या बोटाचं रबर अजून चिकटलेलं असतं, आणि पंजा मागे येताना ठोकळ्याचा एक काठ उचलून घेतो. रचण्याच्या कामात नेमक्या जागी नेणं हा निम्मा भाग झाला. ओझं हातातून खालच्या थराकडे जातं तो क्षण हा उरलेला निम्मा, आणि बहुतेक मुलं त्याच्यासाठी काहीच बांधत नाहीत. पंजा बंद, पंजा उघडा, एवढ्या दोनच आज्ञा असतात.

यार्डात हा क्षण कसा सांभाळतात ते सांगतो. कंटेनर उचलणाऱ्या चौकटीला स्प्रेडर म्हणतात. तिच्या चार कोपऱ्यांत चार ट्विस्टलॉक असतात, ते कंटेनरच्या कोपऱ्यांतल्या भोकांत शिरतात आणि ९० अंशांत फिरून अडकतात. ओझं लटकत असताना स्प्रेडर आणि कंटेनरचं छत यांच्यामध्ये थोडी फट असते. कंटेनर खाली टेकला आणि स्प्रेडर आणखी थोडा उतरला की ती फट मिटते आणि कोपऱ्यातल्या पिना दबतात. चारही पिना दबल्याशिवाय ट्विस्टलॉक फिरतच नाहीत. ऑपरेटरनं कितीही बटणं दाबली तरी नाहीत. म्हणजे ओझं पूर्णपणे खालच्यावर गेलंय याचा पुरावा मिळेपर्यंत यंत्र पकड सोडत नाही.

हीच गोष्ट तुमच्या पंजात बांधायची आहे. पंजा हाताला घट्ट बोल्ट करू नका. उभ्या खाचेत तो १० मिलीमीटर वर-खाली सरकेल असा ठेवा. ठोकळा टेकला की हात आणखी खाली येईल, पंजा मात्र खाचेत वर सरकेल. त्या सरकण्यावर दोन मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबानं लागणारे छोटे स्विच, लावा, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही लागले तरच पुढचं पाऊल. मग बोटं पूर्ण उघडायची नाहीत, दोन-तीन मिलीमीटरच. पाव सेकंद थांबा. मग पूर्ण उघडा आणि सरळ वर या, मागे नाही. दोन्ही बोटं एकाच पिनियनवरच्या (छोट्या दातेरी चाकावरच्या) दोन रॅकनी (सरळ दातेरी पट्ट्यांनी) चालवा, म्हणजे एक आधी सुटायचा प्रश्नच राहणार नाही. सगळं सामान नागदेवीला मिळेल आणि मायक्रोस्विच लॅमिंग्टन रोडला. नव्या मोटरपेक्षा स्वस्त पडेल.

या पिनांवर माझाही आंधळा विश्वास होता. नोकरीच्या चौथ्या वर्षी, जुलै महिन्यात, खाडीवरून वाऱ्याचे झोत येत होते. रात्रपाळीत चौथ्या थरावर एक कंटेनर उतरला. झोका पुरता थांबला नव्हता, पण पिना दबल्या, हिरवा दिवा लागला, ऑपरेटरनं सोडलं. त्यावर पाचवा चढला. सकाळी मी खालून मान वर करून पाहिलं तर चौथा कंटेनर वीतभर नाही पण तळहाताइतका बाहेर, आणि खालच्याच्या छताची कड वाकलेली. कंटेनरच्या कोपऱ्याचा ओतीव ठोकळा १६२ मिलीमीटर रुंद असतो. त्यातला जवळपास अर्धा हवेत होता. पिनांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. ओझं टेकलंय हे त्यांनी सांगितलं, कुठे टेकलंय ते सांगणं त्यांचं काम नव्हतं. त्या दिवसापासून मी दोन प्रश्न वेगळे विचारायला लागलो: जागा बरोबर आहे का, आणि भार उतरलाय का. तुमच्या प्रोग्राममध्येही हे दोन तपास वेगवेगळे ठेवा. दोन्हींचं उत्तर हो आलं तरच सोडा.

याच संदर्भात एक गोष्ट मला फार शिकवून गेली. कंटेनरच्या आंतरराष्ट्रीय मानकात चळतीची जी चाचणी आहे, तिच्यात वरचा भार कोपऱ्यावर अचूक ठेवत नाहीत. आडवा २५.४ मिलीमीटर आणि लांबीत ३८ मिलीमीटर सरकवून ठेवतात. म्हणजे ज्यांनी हा डबा आखला त्यांनी आधीच धरून चाललं की क्रेनवाला एवढा चुकणार, आणि तेवढ्या चुकीसकट डबा उभा राहिला पाहिजे. तुम्ही स्वतःची अशी मर्यादा ठरवली आहे का? कितव्या थराला किती मिलीमीटर सरकलं तरी चालेल? ती ठरवली नसेल तर तुम्ही शून्याचा पाठलाग करत बसाल. शून्य कुणालाच मिळत नाही.

आता आपल्या भाषेतले दोन शब्द आठवा, उतरंड आणि चळत. नाण्यांची चळत असते, ताटांची चळत असते. सपाटावर सपाट, थोडा धक्का लागला की सरकणारी. उतरंड मडक्यांची. खाली मोठा रांजण, त्याच्या तोंडात वरच्या मडक्याचं बूड बसतं, त्याच्या तोंडात पुढचं. आजीनं मडकं थोडं तिरकं ठेवलं तरी ते घरंगळून आपल्या जागी बसायचं, कारण खालचं तोंड त्याला ओढून घ्यायचं. स्पर्धेचे नियम वाचताना पहिला प्रश्न हा विचारा: आपल्याला चळत करायची आहे की उतरंड? अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत २०१५ साली प्लॅस्टिकचे क्रेट सहा थरांपर्यंत रचायचे होते. क्रेटचं बूड खालच्याच्या काठात बसायचं, म्हणजे उतरंडच. २०२२ साली भारतानं दिल्लीत भरवलेल्या आशिया-पॅसिफिक रोबोकॉन या रोबोट-स्पर्धेचा विषय आपली लगोरी होता: चेंडूनं फोडायची आणि पुन्हा रचायची. ती शुद्ध चळत. (त्याआधी २००८ साली पुण्यात झालेल्या रोबोकॉनचा विषय गोविंदा होता. आपल्या गल्लीतले खेळ देशोदेशीच्या मुलांनी यंत्रांकडून खेळवून घेतले याचा मला आजही आनंद वाटतो.)

तुमचे ठोकळे सपाट आहेत, त्यांना तोंड पाडता येणार नाही. पण पंजाला पाडता येतं. पंजाच्या खालच्या कडेला चार पातळ पट्ट्या बाहेरच्या बाजूला झुकलेल्या लावा, अशा की धरलेल्या ठोकळ्याखाली १५ मिलीमीटर लोंबतील. उतरताना त्या आधी खालच्या ठोकळ्याच्या कडांना भिडतील आणि पंजालाच ओढून जागेवर आणतील. जहाजावरून माल काढणाऱ्या क्रेनच्या स्प्रेडरला कोपऱ्यांत अशीच खाली पडणारी पाती असतात, ती कंटेनरच्या कोपऱ्यावर चौकट हाकून आणतात. मात्र पंजा आडवाही ५-७ मिलीमीटर सैल हवा, नाहीतर पट्ट्या पंजाला ओढण्याऐवजी मनोऱ्यालाच ढकलतील. सैल ठेवायचं म्हटलं की मुलं घाबरतात, त्यांना वाटतं अचूकता जाईल. ही सैलाई ठरवून दिलेली असते, स्प्रिंगनं मध्यावर परत येणारी. तुमच्या खांद्याच्या गिअरमध्ये आहे तो निराळा प्रकार.

त्या गिअरबद्दल. हात हलवून पाहिलात तेव्हा खांद्याशी अंदाजे १ अंशाचा प्ले, म्हणजे गिअरच्या दातांमधली मोकळीक, असल्याचं तुम्ही लिहिलंय. तुमचा हात ४०० मिलीमीटर लांब आहे, म्हणजे टोकाला ७ मिलीमीटर. प्ले पूर्ण काढणं महाग काम आहे. त्यापेक्षा शेवटची हालचाल नेहमी एकाच बाजूनं करा. उजवीकडून येत असाल तर थोडं पुढे जाऊन परत या, म्हणजे शेवट डावीकडूनच होईल आणि गिअरचे दात दरवेळी त्याच बाजूला टेकतील. चूक तेवढीच राहील, पण ठरलेली राहील, आणि ठरलेली चूक आकड्यातून वजा करता येते. एक रबर बँड किंवा हलकी स्प्रिंग लावून हात कायम एका बाजूला ओढून ठेवला तरी तेच साधतं.

झोक्याचं गणित तुम्हाला येतं, पण ते रोबोटला लागू आहे हे लक्षात येत नाही. दोरावर लटकलेलं ओझं १५ मीटर खाली असेल तर एक झोका जवळजवळ ७.८ सेकंदांचा. ओझं २० टनांचं असो की रिकामा डबा असो, वेळ तीच. चांगला ऑपरेटर झोका थांबायची वाट बघत नाही. ट्रॉली, म्हणजे दोर धरून क्रेनवर आडवी धावणारी गाडी, थांबवली की ओझं पुढे जातं, ते पुढच्या टोकाला पोचतं तेवढ्यात तो ट्रॉली बरोबर त्याच्या डोक्यावर नेऊन थांबवतो, आणि ओझं जागच्या जागी शांत होतं. दोन टप्प्यांत थांबणं, दुसरा टप्पा झोक्याच्या वेळेशी जुळवून, एवढीच युक्ती. तुमचा अॅल्युमिनियमचा डांबसुद्धा असाच डोलतो, फक्त सेकंदाला तीन-चार वेळा. फोनवर हळू व्हिडिओ घ्या, एका डोलाचा वेळ मोजा, आणि ब्रेक दोन हप्त्यांत लावा, मध्ये त्याच्या निम्मा वेळ सोडून. डोल इतका कमी होईल की तुम्ही घातलेला दीड सेकंदाचा थांबा काढून टाकता येईल. स्पर्धेत पाच ठोकळ्यांचे साडेसात सेकंद वाचतात, ते काही थोडे नाहीत.

जमीन तपासा. मैदान प्लायच्या फळ्या जोडून करतात आणि सांध्याला उंचवटा असतोच. तुमच्या चाकांमधलं अंतर ५०० मिलीमीटर आहे. एका बाजूची चाकं २ मिलीमीटरनं वर गेली तर १२०० मिलीमीटर उंचीवर डांबाचं टोक जवळजवळ ५ मिलीमीटर बाजूला जातं. आणि सरावाचे ठोकळे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, असतील तर पावसाळ्यात ते फुगतात, कडेला जास्त. जाडी दर आठवड्याला मोजा.

आता मामांचं. त्यांच्याकडे सेन्सर नाही असं तुम्ही म्हणता, पण त्यांच्या बुडाखाली सीट आहे. खालच्या ठोकळ्यावर भार गेला की मशीनचा पुढचा दाब हलका होतो, इंजिनचा आवाज बदलतो, लीव्हरला हात कळतो. तुमचे मायक्रोस्विच जे सांगतील तेच त्यांना सीट सांगते. पण अनुभवाच्या खाली भूमितीही आहे, ती विचारून घ्या. पोकलेनचा बूम, म्हणजे मशीनला जोडलेला मोठा हात, मुळाशी एका पिनेवर फिरतो, म्हणून टोक नेहमी वर्तुळात जातं. ओझं त्या पिनेपेक्षा वर असेल तर बूम खाली करताना ते बाहेर सरकतं, पिनेपेक्षा खाली असेल तर आत येतं. अगदी सरळ खाली ते एकाच ठिकाणी उतरतं, पिनेच्या बरोबरीच्या उंचीवर. बाकी सगळीकडे बूमबरोबर त्याच्या पुढचा छोटा हात, म्हणजे आर्मही हलवत राहावा लागतो, दोन्ही लीव्हर एकदम, केसाएवढे. म्हणून जाणता ऑपरेटर मशीन कुठे उभं करायचं यावरच जास्त वेळ घालवतो. आणि ते लेवलला हवं: दोन्ही ट्रॅकमध्ये २.४ मीटर अंतर असेल आणि एक बाजू १ सेंटीमीटर खाली बसली असेल, तर ६ मीटर उंचीवर टोक अडीच सेंटीमीटर जातं. तुमच्या प्लायच्या सांध्याचंच गणित. शिवाय हायड्रॉलिक तेल गरम झाल्याशिवाय तो नाजूक कामाला हात घालत नाही, थंड तेलात लीव्हर आणि हालचाल यांचा मेळ बसत नाही.

२०१४ साली कॅटरपिलर कंपनीनं आपल्या मशीनांकडून प्रचंड जेंगा, म्हणजे मनोऱ्यातला एकेक ठोकळा काढून वर ठेवायचा खेळ, खेळवून घेतला होता. प्रत्येकी ६०० पौंडांचे, म्हणजे सुमारे २७० किलोंचे, २७ लाकडी ठोकळे. खेळ २८ तास चालला. मुलांना तो दाखवताना मी ठोकळ्यांकडे नाही, थांबण्याकडे लक्ष द्यायला सांगतो. ठोकळा भिडण्याआधी मशीन दरवेळी थांबतं. आपल्याकडे क्रेनखालचा खलाशी ओझं चढवताना ‘हबीस’ आणि उतरवताना ‘आरिया’ ओरडतो. यार्डातला आमचा एक म्हातारा खलाशी शेवटच्या हातभर अंतरावर आरिया म्हणायचाच थांबायचा, नुसता तळहात पसरून हळूहळू खाली न्यायचा. ऑपरेटर त्याच्या तळहाताच्या वेगानं उतरायचा. तुमच्या रोबोटलाही शेवटच्या ३० मिलीमीटरसाठी वेगळा, सावकाश वेग द्या. बाकीच्या प्रवासात हवं तेवढं पळा.

भरती-ओहोटीनंही हे काम करून घेता येतं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईतला कोस्टल रोड आणि सी-लिंक जोडणारा पहिला गर्डर, म्हणजे पुलाचा तयार सांगाडा, १३६ मीटर लांब आणि २,००० टनांचा, बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू तराफ्यावरून, समुद्रात नेऊन बसवला, तोही भरती-ओहोटीचं वेळापत्रक धरून. एवढं ओझं घाईनं खाली सोडताच येत नाही. पाणी उतरतं तसा बार्ज उतरतो, आणि भार इंचाइंचानं खांबांकडे जातो. मला या शहरात पाहिलेल्या कामांपैकी हे सगळ्यात सुंदर ‘सोडणं’ वाटतं.

एक पर्याय शेवटी, कारण तो स्वीकारलात तर वरचं निम्मं लागणारच नाही. मनोरा खालून वाढवा. २०१५ च्या त्या क्रेटांच्या स्पर्धेत अनेक चमूंनी हेच केलं: असलेली चळत लिफ्टनं थोडी उचलायची, नवा क्रेट खाली सरकवायचा, त्यावर चळत टेकवायची. तेलाच्या मोठ्या टाक्याही पुष्कळदा अशाच बांधतात, आधी सगळ्यात वरचं कडं, मग जॅकनं उचलून त्याखाली पुढचं. प्रत्येक जोड जमिनीजवळ लागते, तिथे डांब डोलत नाही आणि कॅमेऱ्याचं मापही बदलत नाही. तुमच्या नियमात मनोरा उचलायला बंदी आहे का ते दोनदा वाचा. नसेल तर वर्ष वाया न घालवता आत्ताच विचार करा. वरच्या चार ठोकळ्यांचं वजन मिळून किती, तेवढंच लिफ्टला पेलायला हवं.

पण त्याआधी उद्या एकच गोष्ट करा. रोबोटचा हात हलवणारी मोटर बंद करा, पंजा आपल्या हातानं धरून पाचवा ठोकळा अगदी बरोबर मध्यावर ठेवा, आणि फक्त सोडण्याची आज्ञा द्या. असं वीस वेळा करा. कितीदा मनोरा हलला आणि कुठल्या बाजूला, ते वहीत लिहा. वीसपैकी दोनदा जरी हलला, तरी आधी पंजा सुधारायचा आणि मग कॅमेऱ्याचा तक्ता. शनिवारी मी येईन तेव्हा ती वही आणि उघडलेला पंजा टेबलावर ठेवा.